ज्वारीच्या दाण्याएवढा जोड

दोन हजार चोवीस साल होतं आणि तू सत्तर वर्षांचा होतास. मी एकाहत्तरचा. म्हणजे उत्तम, नंबर माझा होता. चहाच्या हॉटेलात, दाढीच्या दुकानात, उस्तादापुढं, कुठंही रांग लागली की तू मधी घुसायचास आणि वर हसायचास. जातानासुद्धा तेच केलंस.

तुझ्या मातीला लय माणसं आली. मी मोजली नाहीत, पण बघून घेतली. ताडकळसच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी टेम्पो, जीपा, छोटे हत्ती उभे होते आणि प्रत्येकाच्या काचेवर लाल रेडियमचा तोच श्री. लोक म्हणायले होते, "दादा गेला, पण गाडीगाडीवर आपला श्री ठिवून गेला." मी तिथंच उभा होतो. एकानं मला बिडी दिली आणि विचारलं, "तुमी दादाकडंच कामाला होता न्हवं?"

मातीला आलेल्या माणसानं भांडू नये म्हणून मी नुसती बिडी घेतली. नाहीतर तुझ्या आधी मीच पेटलो असतो.

तो श्री माझा होता. तुला माहीत होतं, मला माहीत होतं. तिसऱ्या कुणाला सांगायचं तर आता साक्षीदारच उरला नाही. हे मी वहीत लिहितोय. तिसरीतून शाळा सोडलेला माणूस मी. मला अक्षर काढता येतं, लिहिणं जमत नाही. एकेक ओळ बोर्डासारखी काढावी लागते. त्यामुळं जे लिहीन ते पुसणार नाही, एवढं ध्यानात ठेव.

परभणीचा उस्ताद आठवतो का? आपण दोघं सकाळच्या एसटीनं जायचो. तो आपल्या हातात रंग द्यायचाच नाही. काळी फळी आणि तांब्याभर पाणी. पाण्यात ब्रश बुडवायचा, रेघ मारायची, पाणी वाळलं की रेघ गायब, की पुन्हा मारायची. सहा महिने आपण पाण्यानं लिहिलं. माझी रेघ सरळ निघायची. तुझी रेघ वाळायच्या आत कुठंतरी वळायची, जशी म्हैस घराकडं वळते. उस्ताद कपाळाला हात लावायचा. पण एक दिवस त्यानं आपल्या दोघांकडं बघून म्हणलं, "हाथ इसका, दिमाग उसका. दोनों मिलाए तो एक पेंटर बनता."

तू हसलास. मला मात्र तेव्हापासून ते वाक्य टोचतं. हात मला होता तर दिमागही मलाच द्यायला काय झालं होतं?

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली होती. तू चहा आणायला गेला होतास. मी फळीवर श्री काढला. श ची गाठ मी वासरानं मान वळवून गाईकडं बघावं तशी काढतो, ती तेव्हापासूनची. उस्ताद खूश झाला. मग त्यानं गाठीच्या खाली, जिथून तिरपी रेघ बाहेर पडते आणि वरून वेलांटी येते, तिथं बोट ठेवलं. "यहाँ तेरा हाथ क्यों रुकता?" माझा हात तिथं थांबत होता. ब्रश उचलला जायचा आणि मधी बारीक फट राहायची. गाडीच्या काचेवर काढला तर ज्वारीच्या दाण्याएवढी, भिंतीवर काढला तर बोटाएवढी. मी लय कोशिश केली. हात तिथं थांबायचाच. तू चहा घेऊन आलास तेव्हा फळी वाळली होती.

पुढं आपण ताडकळसला दुकान टाकलं. बोर्डावर नाव माझं, "दिगंबर पेंटर", कारण अक्षर माझं होतं. मी अक्षराची कड काढायची आणि तू मागून आत रंग भरायचास. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळेच्या भिंती, लग्नाच्या मांडवातली नावं. लोक माझ्या हाताकडं बघायचे. तू शिडी धरायचास, रंग कालवायचास, वर येऊन भरायचास. मला ते बरोबर वाटायचं. खरं सांगतो, लय बरोबर वाटायचं.

फक्त गिरणीची भिंत मी एकट्यानं काढली. तू बहिणीच्या लग्नाला गेला होतास आणि गिरणीवाल्या सदाशिवला उद्घाटनाची घाई होती. पुरुषभर उंचीचा श्री, लाल रंगात, कडही माझी आणि भरणंही माझं. खाली माझं नाव. तू परत आल्यावर त्या भिंतीपुढं बराच वेळ उभा राहिलास. म्हणालास, "झ्याक हाय." मी म्हणलं, "मंग? तुझ्याबिगर अडतंय का माझं?" तू शिडी उचलून चालू लागलास. मला वाटलं जळलास.

मग फ्लेक्स आले आणि आपला ब्रश वाळला. मी म्हणलं, वाळू दे, मी काही वाकणार नाही. तू साठी ओलांडलेला माणूस, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा, आणि तू समोर वेगळं दुकान टाकून कॉम्प्युटर आणलास, सोबत रेडियम कापायचं मशीन. टेबलावर मावणारं, शिवणाच्या मशीनपेक्षा जरा मोठं. पोरगं पुण्याला नोकरीला, म्हणून सून वंदना आणि तू, दोघं मिळून शिकलात. सासरा-सून एका माऊसवर भांडताना मी बघितलेत.

पहिलं काम पोखर्णीला, नृसिंहाच्या देवळाला, भाडं मारणाऱ्या टेम्पोचं. काचेवर "नृसिंह प्रसन्न" पाहिजे होतं. मी मुद्दाम बघायला आलो. मशीन किर्र किर्र करत सुरी फिरवत होतं. तू वरचं फालतू रेडियम सोलायला लागलास आणि नृसिंहाचे तुकडे तुकडे तुझ्या नखाला चिकटून वर आले.

"काय रं उत्त्या," मी म्हणलं, "नृसिंहानं दैत्य फाडला हे ऐकलं होतं. तू तर नृसिंहालाच फाडलास."

"हस, हस. पण इकडं ये, बघ, कुठं फाटायलाय ते."

"मी कामून बघू? ज्याचं मशीन त्यानं बघावं."

पण मी बघितलंच. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ. एकाची रेघ दुसऱ्याच्या रेघेवर थोडी चढते. डोळ्याला दिसत नाही. पण मशीनला अक्कल नाही, ते प्रत्येक अक्षर वेगळं धरतं आणि त्याच्या कडंकडंनं सुरी फिरवतं. जिथं एकावर एक चढलं तिथं आरपार चिरतं. अख्खा शब्द म्हणून जे आपण वाचतो ते मशीनसाठी सुट्टी माणसं, गर्दीत खांद्याला खांदा लावून उभी, एकमेकांची कुणी नाहीत.

त्या दिवशी मी दोन चहा प्यालो. दुसरा साखर जास्त घालून.

माझा आनंद महिनाभर टिकला. मग एक दिवस तू मला हाक मारून दुकानात बसवलंस. वंदनेनं तुझा डबा आणला होता. तू त्यातल्या भाकरी काढून टेबलावर मांडल्यास.

"हे बघ. कॉम्प्युटरात आकार एकत्र करायच्या तीन तऱ्हा हायत. ग्रुप म्हणजे तीन भाकरी एका फडक्यात बांधल्या. फडकं सोडलं की तीनच्या तीन. कंबाइन म्हणजे भाकरीवर भाकरी ठिवली, आन जिथं दोन थर झाले नेमकं तिथंच भोक पडलं. आन वेल्ड म्हणजे तिन्हीचं पीठ पुन्हा एकात मळलं. आता सांग, कोणतं पीठ कोणत्या भाकरीचं?"

"भाजलेल्या भाकरीचं पीठ मळता येत न्हाई."

"म्हणून तर मशीन घेतलं!"

वंदना पदरात हसली. तू सगळी अक्षरं धरलीस, एक बटण दाबलंस आणि पडद्यावरच्या आतल्या रेघा गेल्या. नुसती बाहेरची कड उरली. सगळा शब्द एका दमात काढल्यासारखा. उत्तम, मी पन्नास वर्षं कड काढली. इथं ती एका बटणानं निघाली. मी एवढंच म्हणलं, "डब्यातली भाकर वाळायली, खा."

तू खाता खाता म्हणालास, "एकदा वेल्ड केलं की सुटत न्हाई. कुणाचा तुकडा कुणाचा, मशीनलाबी सांगता येत न्हाई. म्हणून जोडायच्या आधी एक कच्ची कॉपी बाजूला ठिवायची." तेव्हा मला वाटलं, बोलतोय काहीतरी.

मग सगळं गाव तुझ्याकडं. बारशाची नावं, डोहाळजेवणाला रंगीत कागदाची अक्षरं, रुखवतावर नवरा-नवरीचं नाव, शाळेतल्या बाई स्नेहसंमेलनाला. माझ्याकडं काय राहिलं? गिरणीला जाणाऱ्या पिठाच्या डब्यांवरची नावं. मी समोरच्या हॉटेलात बसून तुझ्या दुकानाकडं बघायचो. कोण आलं, कोण गेलं, कोण हसत गेलं. हॉटेलवाला म्हणायचा, "पेंटर, तुमी चहा पिता का पहारा देता?"

पण खरी आग पोखर्णीला लागली. शनिवारी दर्शनाला गेलो होतो. गाड्या लावायच्या जागेत पाथरीची एक जीप उभी. तिच्या मागच्या काचेवर श्री. मी पुढं गेलो, परत मागं आलो. वासराची मान. वरून विळ्यासारखी येणारी वेलांटी. माझा हात मी ओळखणार नाही का? माझा श्री, पाथरीच्या माणसाच्या काचेवर, आणि मी पाथरीला कधी काम केलं नव्हतं. ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "ताडकळसच्या दादाकडून घेतला. आमच्याकडं समदे त्यांचाच लावायलेत."

देवाला नुसते हात जोडले आणि मिळेल त्या गाडीनं तुझ्या दुकानात आलो. तू एकटाच होतास.

"हा श्री कुणाचा?"

"कोणता?"

"भोळा होऊ नको."

"तुझा," तू म्हणालास. असा सरळ, जसं काही मी वेळ विचारली.

"मंग मला न विचारता..."

"विचारलं असतं तर दिला असतास?"

"न्हाई."

"म्हणून तर विचारलं न्हाई."

तू गिरणीच्या भिंतीचा मोबाइलवर फोटो काढला होतास. तो कॉम्प्युटरात टाकून त्याची कड धरली होतीस. मी तुला चोर म्हणलं. आवाज ऐकून दारात चार माणसं जमली, त्यांच्यासमोर पुन्हा म्हणलं. वंदना आतून पळत आली. तू मात्र खुर्चीतच बसून, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणालास,

"श्री तुझा होता, दिग्या. आता जोडलेला हाय. जोड माझा."

"त्यात जोडायला काय होतं? तू काय सुतार हाय का?"

"ते तुलाच ठावं."

एवढं बोलून तू माझ्याकडं बघितलंस. मी तिथून निघालो. तू फटीबद्दल बोलत होतास हे मला कळलं होतं. न कळल्यासारखं दाखवायला पाय लवकर उचलावे लागले.

तिथून आपला अबोला. दिवाळी आली, गेली, दुसरी आली. तू फराळाचं ताट पाठवायचास, मी ताट धुऊन रिकामं परत पाठवायचो. रिकामं ताट पाठवू नये हे मला कळतं. मुद्दाम पाठवायचो. वहिनींनी एकदा रस्त्यात अडवून विचारलं, "भाऊजी, एका अक्षरासाठी एवढं?" मी म्हणलं, "वहिनी, माझ्याजवळ तेवढंच हाय."

मग तुला परभणीला दवाखान्यात ठेवल्याचा वंदनेचा फोन आला. "काका, दादा तुमची आठवण काढायलेत." एसटीत बसून मी सगळं ठरवलं. तुला म्हणायचं, सुनेला समोर बोलव आणि सांग, श्री दिगंबरचा हाय. एवढं सांग, मग मी तुझं काय हवं ते करीन.

तू खिडकीजवळच्या खाटेवर होतास. नाकात नळी. उशी मऊ. मला हेवा वाटला, खोटं बोलत नाही. आजारीसुद्धा तू माझ्यापेक्षा निवांत होतास.

"आलास?"

"इकडं काम होतं."

"कोणतं काम?"

"ब्रश घ्यायचे होते."

"घेतलेस?"

"दुकान बंद होतं."

तू हसलास आणि त्या हसण्यानं तुला खोकला आला. खोकला थांबल्यावर डोळे मिटूनच विचारलंस, "दिग्या, ती फट तुला ठावं होती का रं?"

"कोणती फट?"

तू डोळे उघडलेस. बघत राहिलास. मग म्हणालास, "ऱ्हाऊ दे."

एवढंच. माझं ठरवलेलं वाक्य तोंडातच राहिलं. नर्स आली आणि मला बाहेर काढलं. उत्तम, मी खोटं बोललो. मला ठावं होती. पन्नास वर्षं ठावं होती. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललो, कारण तू खरं विचारलंस आणि मला हरायचं नव्हतं. आता हे लिहून तुला काय पोचणार, पण लिहितोय.

तेरावं झालं. जेवणात बुंदी होती, तुला आवडायची तशी कडक पाकाची. दुसऱ्या दिवशी दुपारी वंदनेचा फोन आला. आवाज रडका. "काका, जरा दुकानात येता का? दादांचा श्री तुटायलाय."

मी जाणार नव्हतो. चप्पल घातली ती फक्त हॉटेलापर्यंत जायला. पण गेलो.

दुकानात बालाजी होता, नवा टेम्पो घेतलेला. टेम्पो दाराशीच उभा, फुलांचा हार अजून ताजा. त्याला पोखर्णीला जाऊन मगच पहिलं भाडं मारायचं होतं आणि श्रीशिवाय तो निघत नव्हता. वंदनेनं दोन वेळा कापून बघितला होता. सोलताना गाठीचा भाग वर यायचा आणि वेलांटी, तिरप्या रेघेसकट, कागदालाच चिकटून राहायची. काचेवर लावताना दोन्ही तुकडे जुळत नव्हते. वेलांटी दारू प्यालेल्यासारखी कलायची.

"दादासंगं श्रीबी गेला," बालाजी म्हणाला.

"गप," मी म्हणलं. "श्री कुठं जात नसतो." आणि वंदनेला म्हणलं, "दाव."

तिनं कॉम्प्युटरात दाखवलं. तुझी पक्की फाईल तिला सापडत नव्हती, म्हणून तिनं दुसरीच उघडून कापली होती. त्या फाईलला तू नाव दिलं होतंस, मराठीत, "दिग्या कच्चा".

मेल्यावरसुद्धा! मी म्हणलं, "बघ वंदना, मला कच्चा म्हणायला ह्याला मेल्यावरबी लाज न्हाई." ती रडता रडता हसली. "न्हाई काका, कच्चा म्हणजे न जोडलेला. दादा प्रत्येकाची अशी एक कॉपी ठिवायचे. जोडलं की सुटत न्हाई म्हणून."

मागं गिरणीच्या भिंतीचा फोटो होता. त्याच्यावर तुझ्या कडा. वंदनेनं मोठा करून दाखवला. एक तुकडा, गाठीचा, वासराची मान. दुसरा तुकडा, तिरपी रेघ आणि वेलांटी. मधी फट. आणि बाजूला एक तिसरा तुकडा होता, सुटा पडलेला, इवलासा, दोन्ही टोकांना निमुळता. ज्वारीच्या दाण्यासारखा.

वंदनेनं पडद्यावर त्या दाण्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे काका, हे समदं तुमचं हाय. दादांचं एवढंच."

बालाजीनं मान पुढं काढली. "काय सांगता! हा पेंटरकाकाचा श्री हाय?"

"हो की," वंदना म्हणाली. "दादांनी कधी सांगितलंच न्हाई. काका, मी उद्याच दुकानावर लावते, दिगंबर पेंटर यांचा श्री. समद्यांना सांगते."

उत्तम, ज्याच्यासाठी मी फराळाची ताटं रिकामी पाठवली, ते माझ्यापुढं आयतं आलं होतं. साक्षीदार दोन, पुरावा पडद्यावर. तोंड उघडायची देर होती. मी त्या फोटोकडं बघितलं आणि एक भलताच सवाल डोक्यात आला. गावात माझे इतके बोर्ड. शाळेची भिंत तुझ्या दुकानापासून हाकेवर. मग तू फोटोसाठी उन्हात गिरणीपर्यंत कामून गेलास?

मी म्हणलं, "वंदना, थांब जरा. आलो."

तसाच शाळेच्या भिंतीपाशी गेलो. तिथला श्री मी काढलेला आणि तू भरलेला. चष्मा पुसून नाक भिंतीला लावलं. जिथं माझा हात थांबतो तिथं फट नव्हती. तिथं एक ठिपका होता. कडेच्या आत बसवलेला, सावकाश, दोन्ही टोकांना निमुळता. त्या एका जागी ब्रशाची केसं वेगळ्या दिशेला गेलेली. तिथून मी विठ्ठल-मंदिराच्या पाटीकडं गेलो. तिथंही तोच ठिपका. जुन्या किराणा दुकानाच्या बोर्डावर, रंग उडालेला, तरी तोच ठिपका.

मला पन्नास वर्षं वाटायचं की रंग वाळताना पसरतो आणि फट आपोआप बुजते; गिरणीवर राहिली ती घाईत रंग घट्ट झाला म्हणून. माझ्या हाताची मेहेरबानी. तू माझ्या मागून शिडीवर चढायचास आणि प्रत्येक वेळी, एकही चुकवल्याशिवाय, माझी चूक भरून खाली उतरायचास. उस्तादानं तुला सांगितलं नव्हतं. तू स्वतः बघितलं होतंस. आणि बोलला नाहीस. गिरणीच्या भिंतीला तू नव्हतास, म्हणून फट फक्त तिथं आहे. म्हणून तू तिथंच गेलास, नुसता माझा असा श्री तेवढाच होता.

लोक म्हणतील, केवढा मोठा मनाचा मित्र. म्हणोत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पन्नास वर्षं माझ्या चुकीची किल्ली तुझ्या खिशात आणि तू ती एकदाही वाजवली नाहीस! त्या दिवशी चार माणसांत मी तुला चोर म्हणलं तेव्हा एक शब्द बोलला असतास तर मी जमिनीत गेलो असतो. तरी "ते तुलाच ठावं" म्हणून सोडून दिलंस. एवढं गप राहणं मला जमलं नसतं. याचाच हेवा सगळ्यात जास्त वाटतो, गर्दीचा नाही, गाड्यांचा नाही.

दुकानात परत आलो. बालाजी टेम्पोला टेकून उभा होता. वंदनेला म्हणलं, "तो दाणा उचल. मधी ठिव."

तिनं ठेवला. पहिल्यांदा जरा वर गेला.

"खाली घे. आणखी. दोन्हीकडं जरा चढला पाहिजे, नुसता टेकला तर पुन्हा सुटंल."

बसला. उत्तम, मी पहिल्यांदाच तुझा तुकडा माझ्या अक्षरात बसताना बघितला. दाणा बसला आणि माझी रेघ न थांबता पुढं गेली. उस्ताद म्हणायचा तशी.

"आता तुझं ते बटण दाब."

"आधी कच्ची कॉपी बाजूला ठिवते," ती म्हणाली. तुझीच सून. मग तिनं वेल्ड केलं. आतल्या रेघा गेल्या. मशीन किर्र किर्र चाललं, सोलताना अख्खा श्री एका तुकड्यात वर आला आणि बालाजीच्या काचेवर बसला.

बालाजी लांब जाऊन बघून आला. "मंग काका, नक्की सांगा, श्री कुणाचा म्हणायचा? तुमचा का दादाचा?"

वंदना माझ्याकडं बघायला लागली. माझ्या तोंडात होतं. जीभ उचलली की झालं. तुझं नाव घ्यायला जीभ वळेना आणि माझं एकट्याचं घ्यायला आता लाज वाटायली होती.

"आधी काच पूस," मी म्हणलं. "धुळीवर टिकत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी ब्रशाची पेटी काढली. केसं ताठ झाली होती, केरोसीनमध्ये मऊ केली. गिरणीवर गेलो. सदाशिवकडून स्टूल मागून घेतलं, कारण शिडी धरायला आता कोणी नाही. भिंतीवरचा लाल रंग उन्हानं विटला आहे, पण फट तशीच, बोटाएवढी. स्टुलावर चढलो. फट भरली, सावकाश, दोन्ही टोकांना निमुळती.

सदाशिव पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून खालून बघत होता. "पेंटर, रंग चुकला तुमचा. श्री लाल हाय आन तुमी निळा भरायलात."

"चुकला न्हाई."

"मंग ह्ये काय काढलंत?"

"मी न्हाई काढलं. उत्तमचं काम ऱ्हायलं होतं."

"पण निळा कामून?"

मी स्टुलावरून उतरलो आणि ब्रश पुसला. "कुणाचं किती ते दिसलं पाहिजे."